डोरियन ग्रेचा पश्चात्ताप

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' या कादंबरीच्या नायकाला, डोरियनला, पश्चात्ताप असा कधी होतच नाही आणि म्हणून ती कादंबरी अपराधभावनेची नसून निव्वळ रूपगर्वाची आहे, हे तुझे मत मी पुन्हा पुन्हा वाचले; पण ते मला पटत नाही. पश्चात्ताप त्याला होतो, परंतु होताक्षणीच त्याचा गर्व तो गिळून टाकतो, आणि ऑस्कर वाइल्डने १८९० मध्ये मासिकातून व पुढच्या वर्षी वाढवून पुस्तकरूपाने जे भयंकर सांगितले, ते माझ्या मते हेच आहे.

बॅसिल या चित्रकार मित्राने काढलेले डोरियनचे चित्र त्याच्या पापांच्या खुणा स्वतःवर घेते आणि तो स्वतः तरुण, देखणाच राहतो, हे तुला ठाऊकच आहे. आता सिबिल व्हेन या त्याच्या प्रेयसी नटीचे प्रकरण पुन्हा काढून वाच. रंगभूमीवर तिचा अभिनय पडला म्हणून तिला झिडकारून तो घरी येतो, तेव्हा चित्रातल्या ओठांपाशी क्रौर्याची छटा त्याला प्रथम दिसते. दुसऱ्या दिवशी तो तिची क्षमा मागणारे पानेच्या पाने पत्र लिहितो, स्वतःला भरभरून दोष देतो, आणि पत्र पुरे होताच आपल्याला क्षमा मिळाली, असेच त्याला वाटू लागते. वास्तविक तिने आदल्या रात्रीच विष घेतलेले असते. ती बातमी कळल्यावरही तो त्याच संध्याकाळी ऑपेराला जातो. त्या पत्रातले दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. ते खरे होते, पण त्याचा सारा उपयोग त्याने स्वतःच्या समाधानासाठी करून घेतला.

पुढे चित्र माडीवरच्या, त्याच्या बालपणीच्या अभ्यासाच्या खोलीत जांभळ्या वस्त्राखाली कुलूपबंद होते. तो मधूनमधून आरसा घेऊन त्यासमोर उभा राहतो आणि दोन्ही चेहरे ताडून पाहतो. ते चित्र कुणी चोरील या धास्तीने परदेशातली घरेसुद्धा सोडून देतो. अपराध लपवणारा माणूस त्याच अपराधाचा पहारेकरी कसा होऊन बसतो, हे इतके स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेले नाही.

औषध घेऊन हाइड नावाचा दुष्ट माणूस होणारा स्टीव्हन्सनचा डॉ. जेकिल (१८८६) मात्र याच्या जवळचा आहे. हाइडच्या रूपात केलेल्या कॅरूच्या खुनानंतर तो सत्कर्माला लागतो. पण रीजंट्स पार्कमधल्या बाकावर बसून आपला चांगुलपणा इतरांच्या उदासीनतेशी ताडून तो मनात सुखावतो, आणि नेमक्या त्याच क्षणी, औषधाचा थेंबही न घेता, त्याचा हाइड होतो.

आता डोरियनचा शेवट पाहा. हेटी नावाच्या खेडवळ मुलीला नासवण्याऐवजी आपण सोडून दिले, तेव्हा चित्र थोडे तरी निवळले असेल, या आशेने तो दिवा घेऊन वर जातो. तिथे चित्रातल्या हातावरचा, बॅसिलचा खून केल्यावर उमटलेला रक्ताचा डाग अधिकच लाल झालेला असतो, डोळ्यांत लबाडी आणि ओठांवर ढोंगीपणाची नवी सुरकुती आलेली असते. खुनाच्या प्रकरणापेक्षा मला हेच पान अधिक अस्वस्थ करते, कारण तिथे त्याला स्वतःलाच कबूल करावे लागते की हेटीला वाचवले तेही गर्वापोटीच. मग बॅसिलच्या खुनातलीच सुरी तो चित्रावर उगारतो.

एका गोष्टीवर तुझे मत मला हवे आहे. खुनाच्या आधी बॅसिल ते बदललेले चित्र पाहून हादरतो आणि 'आपण प्रार्थना करू' म्हणतो. त्यावर डोरियन क्षणभर रडतोही, आणि लगेच त्याच्या मनात बॅसिलविषयी द्वेष उसळतो. मला वाटते, आपली लाज दुसऱ्याने पाहिली हेच त्याला सहन झाले नाही. तुला तिथे काय दिसते ते सविस्तर लिही.

तुझा,
माधव