थकलेले पैसे उद्या मिळतील, हुकलेलं रीडिंग कोण देणार?

माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्रीसाहेब,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत पीएचडी करते, गाव तासगाव तालुक्यात. दिवाळीआधी फेलोशिपची, म्हणजे संशोधनासाठी सरकार दरमहा देतं त्या पैशांची, सगळी थकबाकी खात्यावर पडेल असा शब्द आम्हाला मिळाला होता. दिवाळी होऊन गेली आणि काल मेसेज आला, हजेरीचा दाखला परत अपलोड करा. पोर्टल उघडतच नाही. पत्रात गोड बोलायचं ठरवलं होतं, पण आता नाही जमत.

माझं काम शुगरच्या पेशंटच्या पायावर आहे. बुटात घालायचा सोल, त्यात प्रेशर सेन्सर, चालताना तळव्यावर कुठं जास्त दाब येतोय ते दाखवतो, म्हणजे जखम व्हायच्या आधी कळावं. तपासताना पेशंटला डोळे मिटायला सांगतो, 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवतो आणि लागतंय का विचारतो. मिरजेत एक काका नाही, नाही म्हणत होते आणि त्याच पायात बाभळीचा काटा मोडलेला होता, त्यांना पत्ताच नाही! अशा जखमा चिघळून पाय कापायची वेळ येते साहेब.

हे पेशंट जत, अथणीकडून येतात, दर तीन महिन्यांनी, आणि त्यांचं गाडीभाडं आम्ही देऊ असं एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनात पेशंटचं हित बघणाऱ्या समितीला, लिहून दिलंय. फेलोशिप बंद पडल्यावर ते मी खिशातून दिलं, मग आईचे पैसे घेतले, मग तेही संपले आणि लोक यायचे थांबले. थकलेले पैसे तुम्ही कधीतरी द्याल, पण हुकलेलं रीडिंग परत येत नाही, त्या पेशंटचा अख्खा डेटा अर्धवट राहतो. दुसरी नोकरी करणार नाही असं तुम्हीच लिहून घेतलंय. बाबांची द्राक्षं अवकाळीनं गेली, घरी पैसे मागायला तोंड उरलं नाही, मेसचं बिल थकलंय, रात्री झोप लागत नाही.

वर 2023 च्या हिवाळी अधिवेशनात राज्याच्या विधिमंडळात विचारलं गेलं, पीएचडी करून काय दिवे लावणार? ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही. केंद्राची जेआरएफ, म्हणजे नव्या संशोधकांची फेलोशिप, 2023 पासून महिना 37 हजार झाली म्हणून जाहिराती होतात, संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान फाउंडेशनला पाच वर्षांत 50 हजार कोटी म्हणतात, त्यातलेही बरेचसे खाजगीकडून यायचेत, आणि देश संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्केच खर्च करतो. मग हुशार पोरं जर्मनीला गेली की तुम्हीच भाषणात हळहळता. कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, गाईड तासावर तास घेतोय, त्यानं संशोधन कधी बघायचं? हे सगळं असंच चालवायचं ठरलंय का?

फेलोशिप दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या, आणि पेशंटवर चालणाऱ्या कामाचा खर्च आगाऊ द्या. पुढची फॉलोअपची तारीख जवळ आलीय, त्याआधी निदान गाडीभाड्याचे पैसे तरी सोडा.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी, सांगली