'वृद्धापकाळाने' हे कारण नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी थोरली बहीण गेली. वय ८४. निधनवार्तेचा मजकूर मीच लिहून आपल्या कार्यालयात दिला होता. त्यात 'महाधमनीच्या झडपेच्या आजाराने' असे स्पष्ट शब्द होते. दुसऱ्या दिवशी छापून आले, 'वृद्धापकाळाने निधन'. बाकी मजकूर बिनचूक होता. ज्यांनी हा बदल केला त्यांच्यावर माझा राग नाही. मी स्वतः ३४ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले आहे. निधनवार्तांचा स्तंभ रोज माझ्या हाताखालून जायचा आणि त्या शब्दातला 'द्धा' नीट उमटला आहे ना, एवढेच मी पाहत आले. तो शब्द तिथे असावा का, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आता मी ७६ वर्षांची आहे आणि ताई गेल्यापासून तो शब्द डोक्यातून जात नाही.

म्हातारपणात शरीर बदलते, हे मी कशाला नाकारू? रोज अनुभवते आहे. माझे म्हणणे इतकेच, की काय बदलते आणि काय बदलत नाही, हे नीट पाहिले जावे.

माझ्या कानांचेच घ्या. लोक समजतात की वयाबरोबर सगळेच आवाज सारखे बारीक होत जातात. तसे होत नाही. कानाच्या आतल्या शंखात सूक्ष्म केसपेशी असतात. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच, गेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. आणि उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या आधी जातात. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, थ, क, ट ही व्यंजने बरीच वरच्या पट्टीत. त्यामुळे कोणी 'साठ' म्हणाले की 'पाठ', 'काठ' म्हणाले की 'ताठ', हे मला ओठांकडे पाहून ठरवावे लागे. काना माझ्यापर्यंत पोहोचायचा, पहिले अक्षर वाटेत गळायचे. आयुष्यभर छापील मजकुरातली गळालेली अक्षरे शोधली, आता तीच बोलण्यात शोधत बसले होते. घरची माणसे मायेनेच मोठ्याने ओरडायची. पण ओरडल्याने काना तेवढा आणखी मोठा होतो, गळालेले अक्षर परत येत नाही. समोर बसून, चेहरा दिसेल असे, जरा सावकाश बोलले की बहुतेक सगळे कळते.

'वय झालं, ऐकू कमी येणारच,' असे म्हणत मी स्वतः सहा वर्षे घालवली. त्या काळात मी चारचौघांत बोलणे जवळजवळ सोडले होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टींची यादी दिली. त्यांत कमी ऐकू येणे आहे, आणि माणसांपासून तुटणेही आहे. हे माझ्या वाचनात आले आणि दुसऱ्याच आठवड्यात मी कान तपासून घेतले. श्रवणयंत्र लावल्यावर पहिल्यांदा ऐकू आला तो पान उलटल्याचा आवाज. ती सळसळ कधी बंद झाली होती, हे माझ्या लक्षातही आले नव्हते. मी तेच पान चार-पाच वेळा उलटून पाहिले.

डोळ्यांचे थोडक्यात सांगते. भिंग पिवळसर होते, बाहुली आक्रसते, आणि साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश एवढाच प्रकाश पोहोचतो. म्हणून नुसता चश्म्याचा नंबर वाढवून भागत नाही, दिवाही वाढवावा लागतो. स्नायू तर तिशीनंतर हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. पण १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. नव्वदीत! हे वाचल्यापासून मी सकाळ-संध्याकाळ हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठते. आधी दोनदा उठले तरी मांड्या थरथरायच्या.

मनाबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण भीती तिथे असते. पूर्वी ज्या वेळात मी तीन पाने तपासायची, त्या वेळात आता जेमतेम दीड होते. ओळखीच्या माणसाचे नाव जिभेवर येऊन अडते आणि दोन तासांनी, त्याचे काही काम नसताना, आपोआप येते. पण मध्यंतरी भाच्याने त्याचा प्रबंध वाचायला दिला, तेव्हा संगणकाने तपासून 'शुद्ध' ठरवलेल्या मजकुरात 'अनावृत्त पत्र' असे छापलेले मी पहिल्या नजरेत पकडले. उघडे पत्र ते 'अनावृत'. 'अनावृत्त' म्हणजे ज्याची आवृत्ती झाली नाही ते. दोन्ही शब्द खरे, म्हणून यंत्राने दोन्ही सोडले. पस्तिशीत मी कदाचित हे पाहिले नसते. वेगाच्या भरात असल्या चुका निसटत. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिॲटलमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात त्याच त्या माणसांना दर सात वर्षांनी तपासले गेले. मेंदूचा झपाटा लवकर उतरू लागतो, पण शब्दसंपदा आणि अनुभवाने मुरलेले ज्ञान उतारवयापर्यंत टिकते, हे त्यात दिसले. माझ्या टेबलावर मला तेच दिसते. तरीही एखादा नेहमीचा शब्द आठवेनासा झाला की पोटात गोळा येतो: सुरू झाले की काय? हा प्रश्न माझ्या वयाच्या प्रत्येकाला पडतो आणि बहुतेक जण तो कोणाला सांगत नाहीत.

आता ताईबद्दल.

तीन वर्षांपूर्वी एका रात्रीत ती बदलली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी नीट बोलत होती. पहाटे उठून तिने मला विचारले, 'तुम्ही कोण? माझ्या बहिणीला बोलवा.' मधेच भानावर यायची, पुन्हा भिंतीवर कोणीतरी बसले आहे म्हणायची. ताप नव्हता. नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, 'एक्क्याऐंशी वय आहे, व्हायचंच असं.' आम्ही ते मानले. तीन दिवस आम्ही तिच्याशी, ती आता अशीच राहणार असे धरून बोललो. तिच्या देखत तिच्याबद्दल बोललो. चौथ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'हे कधीपासून?' शुक्रवारपासून, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, 'स्मृतिभ्रंश शुक्रवारी सुरू होत नाही.' त्यांनी लघवी तपासायला पाठवली. जंतुसंसर्ग निघाला आणि अंगात पाणीही कमी होते. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते आणि संसर्ग झाला तरी ताप येतोच असे नाही. कित्येकदा पहिली खूण म्हणजे ही अचानक आलेली भ्रमावस्था. डॉक्टर तिला डेलिरियम म्हणतात. ती तासा-दिवसांत येते, दिवसभरात कमीजास्त होते, आणि कारण सापडले तर बहुधा उतरते. स्मृतिभ्रंशाला महिने, वर्षे लागतात. दोन आठवड्यांत ताई पहिल्यासारखी झाली. तिने एकदाच मला सांगितले, 'तुम्ही माझ्यावरून बोलत होतात ते मला मधून मधून ऐकू येत होतं.' त्यावर मी काय बोलणार होते?

एवढा चटका बसूनही आम्ही पुन्हा तेच केले, म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्यानंतर दीडेक वर्षाने ताई जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागली. नंतर प्रत्येक चौथ्या पायरीवर. कठडा धरून उभी राहायची आणि आम्हाला हाताने 'पुढे व्हा' अशी खूण करायची. आम्ही पुढे होत होतो. एकदा तिला घेरी आली. 'वयोमानानुसार' हा शब्द या वेळी कोणा डॉक्टरने उच्चारला नाही, तो मी उच्चारला. तीही म्हणाली, 'वय झालं आता.' जवळजवळ वर्षभराने कोणीतरी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तपासणी पुढे गेली. हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप चुना साठून कडक झाली होती आणि पुरती उघडतच नव्हती. दम लागणे, घेरी येणे, ही तिचीच लक्षणे. तिच्या जागी नवी झडप छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी घालून बसवण्याचा उपचार २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिए यांनी प्रथम केला आणि आज तो ऐंशीच्या पुढच्या माणसांवरही होतो. ताईच्या बाबतीत निदान झाले तोवर हृदय फार थकले होते, मूत्रपिंडेही मंदावली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षभरापूर्वी आला असतात तर विचार करता आला असता.

ही झडप वयाबरोबरच कडक होत जाते, हे मला माहीत आहे. पण तिला नाव होते, तपासणी होती, काही काळ उपचारही होता. 'वृद्धापकाळ' या शब्दाला यांतले काही नाही. तो एकदा उच्चारला की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. हा घोळ फक्त आपल्याकडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात एका नोंदीला चक्क 'वार्धक्य' असे नाव दिले होते. जगभरातून हरकती आल्यावर, ते वर्गीकरण २०२२ साली लागू होताना ते नाव बदलून 'वयाशी निगडित अंगभूत क्षमतेची घट' अशा अर्थाचे केले गेले. लांबलचक आहे, पण निदान कोणती क्षमता, किती घट, असे विचारायला त्यात जागा आहे.

आपल्या निधनवार्तांत ज्या कुटुंबाने आजाराचे नाव दिले असेल, तिथे ते तसेच राहू द्यावे. जिथे दिले नसेल, तिथे नुसते 'निधन झाले' पुरते. हा शब्द रोज सकाळी हजारो घरांत वाचला जातो, आणि त्यांतल्या कुठल्या तरी घरी आज कोणीतरी चौथ्या पायरीवर थांबलेले असेल.

आणि एक वैयक्तिक विनंती. मुद्रितशोधक म्हणून मी पुष्कळ शुद्धिपत्रे तयार केली, स्वतःसाठी कधी मागितले नाही. आज मागते. जागा असेल त्या कोपऱ्यात एवढे छापावे:

'गेल्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या निधनवार्तेत "वृद्धापकाळाने" या शब्दाच्या जागी "महाधमनीच्या झडपेच्या आजाराने" असे वाचावे.'

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक