डाव्या पायाला कळायचं ते

पुणे,
14 जून

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, हे पत्र तुम्ही आईला वाचून दाखवायचं आहे. इंजेक्शननंतर तिच्या डोळ्याला ताण नको. आणि मधल्या ओळी गाळायच्या नाहीत, मी तिला नंतर एकेक विचारणार आहे. फोनवरच बोलले असते, पण गाडीचा विषय निघाला की तुम्ही "रेंज जातेय" म्हणता आणि मागून आईचं हसणं स्वच्छ ऐकू येतं.

निकाल आधी सांगते. गाडी दुरुस्त झाली. शनिवारी मी चिपळूणहून ताब्यात घेऊन दुपारच्या जेवणापर्यंत पालशेतला पोचते. ती परत करत नाहीये, विकत नाहीये, आणि बिल भरून टाकलंय. 14,600 रुपये. लपवलं असतं तर तुम्ही वर्कशॉपला फोन करून काढलंच असतंत, म्हणून लिहिलं. वॉरंटीत बसलं नाही. आता त्यावर चर्चा नको, पासबुकाला हात लावायचा नाही, आणि आई, तांदळाच्या डब्यातलेसुद्धा काढायचे नाहीत.

धोपाव्याचं मला आईनं सांगितलं. तिच्यावर चिडू नका, ती सांगणारच होती, फक्त आठ दिवस उशीर केला. फेरीबोटीतून उतरून जेट्टीचा चढ चढताना गाडी मागे यायला लागली आणि खलाशानं धावत येऊन चाकाखाली लाकूड घातलं, याला तुम्ही "जरा सरकली" म्हणता? मागे पाणी होतं, बाबा. दोन रात्री मला झोप नाही. डोळा लागला की ते लाकूडच दिसायचं. आणि एकच विचार, ही गाडी मीच आणून दारात उभी केली.

तुम्ही कधी बोलला नाहीत, पण नवी का घेतली नाही हे काकू बोलल्याच. नवी घेता आली असती. फ्लॅटचा हप्ता, चिनूची फी, हे सगळं असूनही ओढाताण करून घेतली असती. पण तुम्ही महिन्यातून दोनदा चिपळूणला जाणार, बाकी दिवस ती मांडवात फणसाची पानं झेलत उभी. त्यासाठी सात वर्षांचं कर्ज काढणं मला पटलं नाही. आणि जुनी व्हॅन ठेवायची तर गुडघ्याचं ऑपरेशन डाव्या पायाचं झालेलं, डॉक्टरांनी क्लच नको म्हणून बजावलेलं. आईला पहाटेच्या एसटीला उभं राहून न्यायचं, डोळ्यात इंजेक्शन घेऊन तसंच वडापमधून परत आणायचं, तेही मला बघवत नव्हतं. म्हणून दोन पायडलांची, क्लचचं पायडल नसलेली, 2019 ची, 41,000 किलोमीटर फिरलेली. मी चुकले असेन, पण घाईनं नाही चुकले.

पुराची गाडी असेल हा तुमचा संशय मलाही होता. 22 जुलै 2021 नंतर चिपळुणातल्या बुडालेल्या किती गाड्या धुऊनपुसून कुठे कुठे विकल्या गेल्या असतील कोण जाणे. म्हणून घेतानाच चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले होते, कारण गाळाची रेघ तिथे राहते, पुसणाऱ्याच्या लक्षात येत नाही. स्टेपनीखालचा खड्डा, सीटच्या रुळांचा गंज, गालिच्याखाली हात घालून वास. काही नव्हतं. शिवाय त्या ऑगस्टमधल्या सर्व्हिसिंगची नोंद पुण्यातली आहे. तेव्हा तो किडा डोक्यातून काढा.

सोमवारी मी चिपळूणला येऊन गेले. घरी न येता परत फिरले, हे माहीत आहे मला. 45 किलोमीटरवरून. आई, तुला कळलं तेव्हा तू "जेवलीस का" एवढंच विचारलंस, त्यानं जास्त लागलं. चिनूची मंगळवारी परीक्षा होती, रात्री घाट चढून पोचायचं होतं. खरंच तेवढंच कारण.

काकांच्या धाकट्यानं गाडी वर्कशॉपला नेऊन ठेवली होतीच. मेकॅनिक तिशीतला, हळू बोलणारा पोरगा. त्यानं आधी स्कॅनर लावला, पायाऐवजी क्लच दाबणाऱ्या ॲक्च्युएटरचा दाब बघितला, तेल बघितलं. सगळं जागेवर. मग मला शेजारी बसवून सपाट रस्त्यावर घेतली, मॅन्युअलवर टाकून तिसऱ्यात कमी वेगाला पाय दाबला. इंजिन एकदम वर ओरडलं आणि गाडी आपली होती तशीच चालत राहिली. तो काही बोलायच्या आत मी म्हटलं, "क्लच प्लेट सरकतेय." त्यानं चमकून बघितलं. "ताई, तुम्ही या लाइनमधल्या का?"

मी लाइनमधली नाही. मी बॉनेटवरची. आठवतंय? दिवाळीच्या सुट्टीत कराडच्या फेरीला मला न्यायचात, तुमच्या डाव्या हाताला इंजिनच्या त्या गरम रेक्झिनच्या टोपीवर आईची चादर दुमडून बसवायचात. कुंभार्ली लागला की कंडक्टरकाकांनाही गप्प करायचात. "ऐक, आता ती दुसरा मागतेय." मला काही कळायचं नाही, मी मान हलवायचे. मग कळायला लागलं. पोफळीच्या पुढे पहिल्या मोठ्या वळणावर मी "दुसरा!" म्हणून ओरडले आणि तुम्ही त्याच क्षणी डबल क्लच मारून टाकलात, तेव्हा मला वाटलं होतं गाडी मीच चालवतेय. माझ्या शाळेतल्या कुठल्याच बक्षिसाचा मला तेवढा आनंद झाला नाही.

तर गिअरबॉक्स उतरवला. प्लेटचं लायनिंग झिजून रिव्हेटपर्यंत आलेलं, प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळे डाग. गिअर सगळे उत्तम, एक दात गेलेला नाही. आणि इथेच वॉरंटी अडली.

त्या पुण्याच्या विक्रेत्याशी मी भांडले, बाबा. तुमची मुलगी गप्प बसून बिल भरून आली असं समजू नका. कंपनीची मूळ वॉरंटी पहिल्या मालकानं गाडी घेतली त्या तारखेपासून मोजतात, ती आपल्याकडे यायच्या आधीच संपली होती, आणि वाढीव त्यानं घेतली नव्हती. आपल्या हातात विक्रेत्याची एक वर्षाची. तिच्यात इंजिन आहे, गिअरबॉक्सचे आतले भाग आहेत, ॲक्च्युएटर आहे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, जे वापरून झिजतं ते नाही. पुस्तिकेत अगदी साध्या अक्षरात छापलंय, मी घेताना वाचलंही होतं, आणि "ट्रान्समिशन कव्हर" या दोन शब्दांवर विसंबून पुढे गेले. ही चूक माझी. क्लच ट्रान्समिशनला चिकटलेला असतो, वॉरंटीत मात्र तो त्यात धरत नाहीत. मी म्हटलं, आठ महिन्यांत प्लेट जाते कशी, म्हणजे देतानाच अर्धी गेलेली असणार. असेलही. पण देताना किती उरली होती ते ना त्यांनी मोजलं, ना मी मोजायला लावलं.

तुम्ही रत्नागिरीला ग्राहक आयोगात जायचं म्हणत होतात. जाता येतं. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीही नाही. पण गिअर मोडला असता आणि त्यांनी हात वर केले असते तर मीच तुम्हाला घेऊन गेले असते. झिजलेल्या प्लेटसाठी, आपल्याच सहीच्या कागदाविरुद्ध, तुम्ही त्या बाकावर तारखा मोजत बसावं असं मला वाटत नाही. तसलं बसणं तुम्ही एसटीच्या थकबाकीसाठी पुष्कळ केलंत.

आता पुढचं वाचताना आवाज बारीक करू नका.

त्या मेकॅनिक पोरानं विचारलं, चालवतं कोण. मी म्हटलं, वडील, 31 वर्षं एसटीत, विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे. तो म्हणाला, "मग बरोबर." मला राग आला. मी विचारलं काय बरोबर. तर तो म्हणाला, जुन्या ड्रायव्हरांच्याच जातात या प्लेटा. नवशिकी पोरं चढावर घाबरून ब्रेक दाबून बसतात. जुनी माणसं क्लच अर्धा सोडून गाडी हाफ क्लचवर तोलून धरतात, हातब्रेकला हातसुद्धा लावत नाहीत.

आपली गाडी म्हणजे मोठ्या गाड्यांतली ती टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक नाही, बाबा. तिच्यात तेलावर भार तोलला जातो. हिच्यात आत तुमच्याच ओळखीचा साधा गिअरबॉक्स आहे, तीच प्लेट, तीच प्रेशर प्लेट. फक्त क्लच दाबायला पाय नाही, तेलाच्या दाबावरचा ॲक्च्युएटर आहे. आपल्याकडे ही पद्धत पहिल्यांदा 2014 ला सेलेरिओत आली, तुम्ही निवृत्त झालात त्याच वर्षी. तर चढावर तुम्ही ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागच्या जागी धरलीत की ते यंत्र बिचारं तुमच्या वतीनं हाफ क्लच धरून बसतं. प्लेट घासते, तापते. एसटीत असं झालं असतं तर तुमच्या डाव्या पायाला दुसऱ्या सेकंदाला कळलं असतं. पायडलातून यायचंच ते. इथे डावा पाय मोकळा आहे, आणि त्याला जे कळायचं ते आता कुणालाच कळत नाही. वास यायला लागेपर्यंत.

यात तुमचं चुकलं असं मी म्हणत नाहीये. चुकत असेल तर गाडी देताना मी चावी दिली आणि हे सांगितलं नाही, ते. मला वाटलं, यांना काय सांगायचं. आणि खरं सांगायचं तर मला सांगायची लाज वाटली.

सेट नवीन बसवलाय. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. बसवल्यावर स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग करावं लागतं, म्हणजे नवी प्लेट कुठे पकडते ते यंत्राला शिकवायचं, ते माझ्यासमोर नाही झालं, पण कागदावर नोंद मागून घेतलीय. पुढचं ऑइलही तिथेच बदलायचं. शृंगारतळीच्या तुमच्या दोस्ताचा हात चांगला आहे, मला मान्य, पण त्याच्याकडे बिल मिळत नाही, आणि वॉरंटीचे चार महिने उरलेत. उद्या ॲक्च्युएटर गेला तर तो त्यांच्याकडून वसूल करायचाय मला. एवढं तरी करूच.

आता ऐका. चढावर थांबलात की ब्रेक. जास्त वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रल आणि हातब्रेक. निघताना हातब्रेक ओढलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर द्यायचा, गाडीनं नाक उचललं की मग सोडायचा. घराची घाटी मॅन्युअलवर पहिल्यातच चढवायची, तिला विचार करायला लावायचं नाही. हिला पार्किंगचा वेगळा गिअर नाही, म्हणून बंद करताना गिअरमध्येच ठेवून हातब्रेक. मीटरवर गिअरचा दिवा लुकलुकला तर बाजूला घ्यायची आणि मला फोन करायचा. मला, मेकॅनिकला नाही. गोळ्या घेऊनच स्टिअरिंगला बसायचं. आणि धोपाव्याला पुन्हा जायचं असेल तर मी असताना.

अजून एक ठरवलंय. पावसाळाभर चिपळूणच्या फेऱ्यांना काकांचा धाकटा येईल. गाडी तो चालवेल. तुम्हाला जमत नाही म्हणून नाही. मार्गताम्हान्याच्या पुढे पावसात समोरचं दिसत नाही, आणि इंजेक्शनच्या दिवशी आईचा हात धरायला माणूस मोकळा हवा. तुम्ही चालवत असलात की तिचं बोट धरणार कोण? शिवाय त्या पोराला घाट चालवता येत नाही, नुसता पळवतो. तुम्ही शेजारी बसा आणि त्याला ऐकायला शिकवा. पालशेत, गुहागर, देऊळ, बाजार, ते सगळं तुमचंच. त्याचे पैसे मी त्याला परस्पर देणार आहे, तुम्ही त्याला नुसता चहा द्या.

येत्या गुरुवारची फेरी गाडीशिवायच आहे, त्यासाठी शृंगारतळीहून गाडी सांगितलीय. सकाळी सातला येईल. पुढची सीट आईची. चष्म्याची काळी जोडी, पाण्याची बाटली, आणि येताना उन्हात थांबायचं नाही, फोटो काढायचा मोह झाला तरी नाही. बाबा, तुम्हालाच सांगतेय.

शनिवारी जेवायला साधं कर. मासे नकोत, मासेमारीला बंदी आहे आणि तू मग लांबून कुठून तरी आणायला लावशील. कुळथाचं पिठलं आणि भात पुरे. चिनू येणार आहे.

तुमची,
मनू

ता. क. – आई, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की बॉनेटखालून घूं असा आवाज येतो, तो त्या ॲक्च्युएटरचा पंप आहे, गाडी सुरू करायच्या आधी दाब भरून घेतो. उंदीर नाही. मेकॅनिकला आत मूठभर डांबरगोळ्या सापडल्या, तो मला विचारत होता हे काय.