सक्सेस रेट नक्की कशाचा?

संपादक साहेब,

आपल्या पेपरात आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरच्या जाहिराती येतात, गुबगुबीत बाळ आणि खाली ठळक अक्षरात सक्सेस रेट. तो कशाचा हो? बीटा, म्हणजे दिवस राहिल्याची रक्ताची टेस्ट, पॉझिटिव्ह आली की झालं सक्सेस, का बाळ घरी आल्यावर?

माझ्या धाकट्या बहिणीला गर्भाशयात दोन एम्ब्रियो, म्हणजे भ्रूण, सोडले, दोन्ही राहिले. तिच्या सासूबाई म्हणाल्या, एका खर्चात दोन! आम्हीपण हसलो तेव्हा. बत्तिसाव्या आठवड्यात बीपी वाढलं, रात्रीतच सिझर, मुलगा 1400 ग्रॅम आणि मुलगी 1150. काचेची पेटी, तोंडातून नळी, दर दोन तासांनी 3 मिली दूध, ते बहीण टाके सांभाळत वाटीत काढायची आणि मी कोपरापर्यंत हात धुऊन आत नेऊन द्यायचे. 26 दिवस हेच. आता दोघं बरी आहेत, घर डोक्यावर घेतात.

कुणाला घाबरवायचं नाहीये. 1986 ला मुंबईच्या केईएममध्ये आयव्हीएफने जन्मलेल्या हर्षाला 2016 मध्ये स्वतःचा मुलगा झाला, आणि जगभरात अशी मुलं एक कोटीच्या वर आहेत, बहुतेक ठणठणीत. एकच बाळ असलं तरी ते लवकर येण्याचा, वजन कमी भरण्याचा धोका थोडा जास्त दिसतो खरा, पण त्यात उपचारांचा वाटा किती आणि मूल न राहण्याच्या मूळ कारणाचा किती, हे वेगळं काढणं अवघड. खरी गोम जुळ्यांची आहे. निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आतच येतात. स्वीडनने 2003 पासून बहुतेकींना एका वेळी एकच एम्ब्रियो असा नियम केला, जुळी एकदम कमी झाली आणि बाळ होण्याचं प्रमाण काही फारसं घसरलं नाही.

आपल्याकडे सायकलचा, म्हणजे उपचाराच्या एका फेरीचा, खर्च बहुतेकदा खिशातून, त्यामुळे पेशंटच दोन मागतात, डॉक्टर नाही म्हणत नाहीत. बहिणीचा संमतीचा फॉर्म नंतर वाचला, जुळ्यांच्या धोक्याबद्दल त्यात एक ओळ होती, पान चारवर.

तेव्हा पुढची जाहिरात घेताना त्या सेंटरला एवढं तरी विचारा, किती बाळं घरी गेली, कितव्या आठवड्याची आणि किती वजनाची. ते आकडे छापा की त्या गुबगुबीत फोटोखाली.

– जुळ्यांची मावशी, नाशिक