झेरॉक्सवाल्या ताईंना, जर्मनीवालीकडून

ताई नमस्कार,

मी जर्मनीवाली. दुकानात एवढी माणसं येतात की नाव सांगून तुम्हाला काही आठवायचं नाही, पण तुम्हीच मला ही पदवी दिली होतीत, तहसील कचेरीसमोर, पत्र्याच्या शेडखाली, पाठीमागे स्टॅम्प व्हेंडर आणि समोर चहाची गाडी. तुमचा मुलगा मोबाइलवर वाचून दाखवेल असं धरून लिहितेय. आणि असं सगळ्यांसमोर लिहिण्याचं कारण म्हणजे इथे स्टुटगार्टमध्ये ओळखीच्या मराठी घरांमध्ये कुणाचं ना कुणाचं काम अडकलेलं असतंच, आणि ऐकायला बसलं की नव्वद टक्के वेळा मला तुमचंच वाक्य आठवतं, "आधी सगळे कागद एका टेबलावर मांडा आन् नावं वाचा."

लग्नानंतर नवऱ्याकडे जर्मनीला जायच्या व्हिसासाठी मी कागद घेऊन आले तेव्हा तुम्हाला जर्मनीचे नियम माहीत नव्हते आणि तुम्ही ते कधी लपवलंही नाही. एजंट लोकांना सगळ्या देशांचं सगळं माहीत असतं, तुम्ही मात्र "तिकडचं मला ठावं नाही, तिकडच्या ऑफिसानं काय लिहून दिलंय ते दाखवा" म्हणायचा. मग त्या यादीतली एकेक ओळ माझ्याकडून मराठीत सांगून घ्यायचा आणि पाठकोऱ्या कागदावर रकाने पाडायचा. पहिल्या रकान्यात जन्माचा दाखला, मग शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, लग्नाचा दाखला. खाली माझं नाव, वडिलांचं, आईचं, जन्मतारीख, जन्मगाव, आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर सुटं करून. माझ्या वडिलांच्या नावापुढे एका कागदावर 'राव' आहे, दुसऱ्यावर नाही. आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, एका ठिकाणी सासरचं, आणि एका कागदावर तर 'सौ.' हे नावाचाच भाग असल्यासारखं छापलेलं. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही कारण माणूस तोच आहे हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. पण परदेशातल्या टेबलामागच्या माणसाला ती तीन वेगळी माणसं दिसतात हो, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचंही काही चूक नाही.

सगळ्यात मोठा गुंता माझ्या स्वतःच्या नावाचा होता. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं गेलं, सासूबाईंची फार इच्छा की पासपोर्टवर तेच यावं, आणि माझ्या डिग्र्या, बँक, पॅन सगळं माहेरच्या नावाने. तेव्हा तुम्ही सासूबाईंना, माझ्यासमोर, इतकं गोड बोलून सांगितलंत की मी बघतच राहिले. "आई, तांदळावर लिवलंय ते घरात हाक मारायला, पासपोर्टला नाव बदलायची सक्ती नाही, नवऱ्याचं नाव जोडीदार म्हणून लागतंय की." सासूबाई चक्क हो म्हणाल्या. आणि खरंच कायद्याने बाईला लग्नानंतर नाव बदलावंच लागतं असं काही नाही. ज्यांना बदलायचंय त्यांनी जरूर बदलावं, पण मग गॅझेटपासून बँकेपर्यंत सगळीकडे बदलावं, अर्धं इकडे अर्धं तिकडे ठेवलं की व्हिसाच्या वेळी प्रत्येक कागदासोबत एक प्रतिज्ञापत्र जोडत बसावं लागतं.

लग्नाच्या दाखल्याचंही तसंच. आपल्याकडे महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने लग्नाची नोंदणी होते, तीन साक्षीदार, भटजींची सही, पत्रिका, फोटो. बहुतेक लोक व्हिसाची तारीख जवळ आली की ती नोंदणी करायला धावतात आणि घाईत जे छापून येईल ते घेऊन निघतात. तुम्ही मला काउंटरवरून हलू दिलं नव्हतंत. दाखल्यावर शिक्का पडायच्या आधी कच्ची प्रिंट मागा, स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा, मग सही घ्या. क्लार्क वैतागले होते, वैतागू देत. नंतर दुरुस्तीला अर्ज करण्यापेक्षा तो वैताग परवडला.

आणि लॅमिनेशन! तुमच्या दुकानात लॅमिनेशनचं मशीन आहे, त्यावर तुमचं पोट आहे, आणि तरी तुम्ही माझा जन्माचा दाखला लॅमिनेट करायला साफ नकार दिलात. कारण नंतर कुठे मागच्या बाजूला शिक्का मारायचा झाला किंवा स्टिकर लावायचं झालं तर प्लॅस्टिकवर कोण लावणार. आमच्या मावशीने हौसेने सगळे दाखले प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेत, तिला नवीन प्रती काढायला लागल्या.

अपोस्टिलचं, म्हणजे आपला दाखला परदेशात खरा धरला जावा म्हणून आपलं परराष्ट्र मंत्रालय त्यावर लावतं त्या स्टिकरचं, आता मी तुम्हाला सांगते, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल. शहरातला एक एजंट आमच्या मागे लागला होता की दाखल्याला अपोस्टिल करून घ्या, जर्मनीला लागतंच. तुम्ही म्हणालात, पैसे द्यायच्या आधी तिकडच्या ऑफिसाला विचारा. विचारलं. तर निघालं असं की भारत 2005 पासून अपोस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत घेतलेली आहे, म्हणून या दोन देशांमध्ये अपोस्टिल लागूच होत नाही. त्यांना खात्री करायची असली की त्यांचा दूतावास आपल्या इथे वकील नेमतो, तो वकील दाखला दिलेल्या ऑफिसात जाऊन मूळ रजिस्टर बघतो, आणि त्यात महिने जातात. म्हणजे रजिस्टरातली नोंद बरोबर पाहिजे, नुसता हातातला कागद चकाचक असून भागत नाही. आता कॅनडाला जाणारं कुणी आलं तर तिथे जानेवारी 2024 पासून अपोस्टिल चालतं. दुबईवाल्यांचं अजून वेगळं, आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास आणि शेवटी तिकडे गेल्यावर त्यांचं मंत्रालय. तेव्हा 'फॉरेनला लागतं' असं कुणी म्हणालं की कुठल्या फॉरेनला हे पहिलं विचारायचं.

माझ्या व्हिसाला तशी फार अडचण आली नाही. नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांना मिळणारा इथला परवाना, असल्यामुळे जर्मन भाषेची ए वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, परीक्षा आधी द्यावी लागली नाही. सगळ्यांना ही सूट नसते, त्यामुळे ज्यांना लागते त्यांनी लग्न ठरल्याबरोबर क्लास लावावा हेच बरं.

खरी कसोटी लागली ती लेक झाली तेव्हा. इथे श्टांडेसआम्ट म्हणून ऑफिस असतं, जन्म, लग्न, मृत्यू सगळं तिथे. बाळाच्या दाखल्यासाठी ते आईबापाचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागतात, वर शपथेवरच्या भाषांतरकाराकडून केलेलं भाषांतर. त्यांचं समाधान झालं नाही तर बाळाच्या नोंदीत आईवडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा येतो. आमच्या ओळखीत एका जोडप्याला तो आला, कारण वडिलांच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकानाच कोरा. आपल्याकडे जुन्या दाखल्यांवर हे सर्रास आहे, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी', बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते ना. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात पहिल्या वर्षात नाव फुकट टाकून मिळतं, नियमांप्रमाणे पुढे पंधरा वर्षांपर्यंत फी भरून, त्यानंतर मग सरकार अधूनमधून मुदतवाढ देतं तेव्हा धावायचं. माझाही दाखला तसाच कोरा होता. तो तुम्ही, मी परदेशात जायचं नक्कीही नव्हतं तेव्हा, नगरपालिकेत चार वेळा माणूस धाडून भरून घेतला होतात आणि माझ्याकडून झेरॉक्सच्या पैशांपलीकडे एक रुपया घेतला नाहीत. श्टांडेसआम्टमधल्या बाईने तो दाखला वाचला, भाषांतर वाचलं, मान हलवली आणि पुढचा कागद मागितला. ताई, त्या क्षणी मला त्या बाईला तुमचं नाव सांगावंसं वाटत होतं.

पुढचं आईवडिलांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे म्हणून लिहिते. 3 डिसेंबर 2004 नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व हवं असेल तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते, आमच्यासाठी ती म्युनिकला. बाळाच्या धांदलीत ते वर्ष कसं जातं कळत नाही, आणि उशीर झाला की दिल्लीची परवानगी. पण बाळाला जन्मतःच जर्मन नागरिकत्व मिळालं असेल, म्हणजे आईबापांपैकी एकजण पाच वर्षं इथे कायदेशीर राहिलेला आणि कायमचं राहण्याचा परवाना असलेला असेल, तर गणित बदलतं. जर्मनीने 27 जून 2024 पासून दोन नागरिकत्वं ठेवायला मोकळीक दिली, भारताने नाही दिलेली. इथल्या बऱ्याच जणांना वाटतं दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील. नाही येत. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय कार्ड, म्हणजे मूळच्या भारतीय पण आता परदेशी नागरिक असलेल्यांना मिळतं ते, काढायचं. त्यावर येणंजाणं आयुष्यभर होतं, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती वेगळी. आपल्या भागात हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि तो नागरिकत्व बदलायच्या आधी निघालेला बरा.

आईला इकडे आणायचं होतं तेव्हा पुन्हा तुमच्याच टेबलावर. तिची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून, जशी त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राची आहे, मास्तरांनी लिहिली ती लिहिली. आईला भीती की खरी तारीख वेगळी आहे म्हणजे खोटं होईल. तुम्ही म्हणालात, काकू, सगळीकडे 1 जूनच आहे ना, मग तुम्ही 1 जूनलाच जन्मलात, कुठे वेगळी सांगू नका. पासपोर्टला शाळेचा दाखला चालला. आता मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या बाळांना पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही, तेव्हा नातवंडांचे दाखले नावासकट वेळेत करून घ्या असं दुकानावर बोर्ड लावा हवं तर. आईला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा थोड्या दिवसांचा व्हिसा, मिळाला, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, किमान 30 हजार युरोचा विमा लागतो, आणि खर्चाची हमी नवऱ्याने इथल्या ऑफिसात लिहून दिली. 90 दिवस म्हणजे तीन महिने असं धरून तिकीट काढू नका, जुलै-ऑगस्ट आले की दिवस वाढतात.

मग मुखत्यारपत्र. भावाच्या नावाने करायचं होतं. जर्मनी-भारतात अपोस्टिल चालत नसल्याने मी सरळ म्युनिकच्या वकिलातीत जाऊन सही केली. ते कुरिअरने आलं आणि भाऊ कपाटात ठेवणार होता, तुम्ही त्याला तिथल्या तिथे मुद्रांक कार्यालयात पिटाळलंत, कारण परदेशात केलेल्या कागदाला तो इकडे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. कुरिअरचं पाकीटसुद्धा फेकू दिलं नाहीत, त्यावर तारीख असते म्हणून. भाऊ मला फोनवर म्हणाला, या बाई कलेक्टर का नाहीत.

मलाही कळत नाही. कचेरीच्या आत पंखे आणि खुर्च्या आहेत आणि खरं काम बाहेर पत्र्याखाली होतं, हे काही चांगलं लक्षण नाही. पण तुम्ही आहात म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं. पैसे घेणार नाही हे माहितीये, म्हणून आईकडे तुमच्या नातीसाठी खडूंची पेटी पाठवलीये, ती परत करायची नाही. मनापासून आभार ताई, माझ्याकडून, आमच्या ह्यांच्याकडून, आणि जिच्या दाखल्यावर कुठलाच शेरा नाही त्या लेकीकडून.

आणि हो, सोमवारी भाऊ येईल, जुना सातबारा घेऊन. आजोबांचं नाव त्यावर दोन तऱ्हांनी लागलंय. रकाने पाडून ठेवा.

तुमची,
जर्मनीवाली