रात्री दोन वाजता बाजूला ठेवलेला ट्रे

प्रिय सिस्टर,

आईला घरी आणून दीड महिना झाला. डिस्चार्जच्या दिवशी पेढे घेऊन टेबलापाशी आलो, तर तुम्ही रात्रपाळी संपवून निघून गेला होतात. तेव्हा जे बोलायचं राहिलं, ते इथे लिहितो. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

आईचं हर्नियाचं ऑपरेशन आधी ठाण्यातच, घराजवळच्या एका हॉस्पिटलात झालं. आदल्या रात्री वॉर्डबॉय वस्तरा घेऊन आला आणि खसाखसा केस काढून गेला. ड्रेसिंग करणारा शेजारच्या खाटेवरून थेट आईकडे यायचा, हातमोजे तेच. पाचव्या दिवशी टाक्यांभोवती लाल झालं, हात लावला तर चटका बसावा इतकं गरम. सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, "शुगर आहे ना त्यांना, होतं असं." अहो, शुगर आहे म्हणून जास्त जपायचं, की शुगर आहे म्हणून सोडून द्यायचं? आठव्या दिवशी पट्टीतून पू आला. नंतर वाचलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच बजावलंय की ऑपरेशनआधी वस्तरा नकोच. केस काढावेच लागले तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने काढा, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतूंचं फावतं. असो.

मग वाशीला तुमच्याकडे आणलं. जखम उघडून धुतली, उघडीच ठेवली. माझी ट्रान्स-हार्बर लोकलने ये-जा सुरू झाली आणि रात्री मी आईच्या खाटेखाली चटई टाकून झोपायचो. झोप कसली, पडून राहायचो.

त्या रात्री दोनच्या सुमाराला पट्टी भिजली म्हणून तुम्ही आलात. हात चोळलेत, अगदी अंगठ्याच्या खाचेपर्यंत. ट्रे उघडलात, हातमोजे चढवलेत. तेवढ्यात आई कुशीवर वळली आणि तिच्या चादरीचं टोक ट्रेमधल्या गॉजला, जखमेवर ठेवायच्या त्या निर्जंतुक जाळीच्या कापडाला घासून गेलं. नुसतं घासलं. आई डोळे मिटून कण्हत होती, मी झोपलोय असं तुम्हाला वाटत होतं, वॉर्डात बाकी सगळा अंधार. तुम्ही क्षणभर थांबलात. मग तो अख्खा ट्रे बाजूला ठेवलात, हातमोजे काढलेत आणि थेट स्टोअरपर्यंत जाऊन नवीन पॅक आणलात. हात चोळण्यापासून सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी मी विचारलं, "सिस्टर, रात्री तो ट्रे का टाकलात?" तुम्ही पेनाचं टोपण लावत म्हणालात, "चादर लागली ना."

माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाही. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाचा डॉक्टर हात धुवा म्हणून कानीकपाळी ओरडत होता. तिथे सुईणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी जास्त मरत, कारण डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. त्याचं ऐकलं नाही बऱ्याच जणांनी. शिकलेल्या माणसाला 'तुझे हात घाण आहेत' हे ऐकवत नाही, तेव्हाही आणि आताही. तुम्ही मात्र राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांपुढेही हात चोळायची बाटली धरायचात, "सर, आधी हात." ते हसून हात पुढे करायचे. त्यांचंही कौतुकच म्हणायचं.

मलाही ओरडलात एकदा. मी पट्टीचा कोपरा उचलून बघत होतो. "दादा, तुमची काळजी कळते, पण बोटं लांब." तेव्हा राग आला होता.

जखम भरली. खाली एक गुलाबी रेघ आहे, आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. ती आता घरात सगळ्यांचे हात तपासते. माझ्या मुलाला परवा चेंडू खेळून आल्यावर दोनदा बेसिनपाशी पाठवलं. तुमची सुट्टी असेल त्या रविवारी जेवायला या म्हणून तिने निरोप दिलाय. अळूवड्या करणार आहे.

तुमचा,
सात नंबर खाटेवरच्या आजींचा मुलगा