खोली बदलतेय, रागवू नका

हडपसर, पुणे
रविवार, रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांना सा. नमस्कार,

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणार. फोनवर माझं अर्धं बोलणं होईस्तोवर बाबा "आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, आणि आई, तू "जेवलीस का"वर येतेस. मग मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाचा, मधेच फोन लावू नका.

हडपसरची खोली मी सोडतेय. १ डिसेंबरपासून वाकडला राहणार. डिपॉझिट भरलंय, करारही झालाय. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग बघू." गड्ड्यानंतर शेजारचं लग्न, लग्नानंतर उन्हाळा. आपल्या घरात "मग बघू"चं काय होतं ते वरच्या खोलीच्या स्लॅबला विचारा.

वाकड म्हणजे पुण्याचं पार दुसरं टोक, मुंबईच्या बाजूचं. म्हणजे मी सोलापूरपासून, तुमच्यापासून आणखी वीस-पंचवीस किलोमीटर लांब चाललेय, एवढंच. "एवढंच" लिहिलं खरं, पण पेन जरा थांबलं.

दीड वर्षापूर्वी खोली बघायला आलो होतो ते आठवतंय ना? गाडीतळावर आपली एसटी थांबते, गल्लीत बार्शी-मोहोळची माणसं, किराणावाला पंढरपूरचा. बाबा, तुम्ही दारातूनच म्हणालात, "आपलीच माणसं हायत, बरंय." मलाही हायसं वाटलं. सोलापूर रस्त्यानं आलेला माणूस हडपसरला उतरतो आणि तिथंच राहतो, पुढं जायचं त्याला सुचतच नाही. ऑफिस हिंजवडीला आहे हे आपल्या तिघांनाही माहीत होतं. पण हिंजवडी इथून तीस किलोमीटर आहे, आणि पुण्यातले तीस किलोमीटर म्हणजे मोहोळला जाऊन येणं नव्हे, हे एकालाही ठाऊक नव्हतं. आपण गेलो तो रविवार होता, रस्ता मोकळा होता. खोली बघायला सोमवारी सकाळी नऊला जावं आणि तिथून ऑफिसपर्यंत बसनं जाऊन बघावं, हे मला आज कळतंय.

दोन तास जायला, दोन तास यायला. हुतात्मा एक्सप्रेस सोलापूरहून चार तासांत पुण्याला येते. मी रोज पुण्यातल्या पुण्यात तेवढा वेळ बसमध्ये काढत होते, त्यातला बराचसा विद्यापीठ चौकात उभं राहून. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. "बस मिळते, बसायला जागा असते" एवढंच सांगायची. जागा मिळायची, पण साडेसहाला निघालं तर.

भाडं तिकडं अडीच हजारांनी जास्त आहे. बाबा आता डोळे मिटून बेरीज करत असतील, म्हणून मीच करून देते. उशीर झाला की रिक्षा किंवा कॅब करावी लागायची, त्यात महिन्याला अठराशे-दोन हजार जायचे. इथं टँकरच्या पाण्याचे पैसे वेगळे, ते भाड्यात धरलेलेच नाहीत हे मला पहिल्या महिन्याच्या शेवटी कळलं. शिवाय रोजचे तीन तास वाचतील, त्याचे पैसे मी धरलेलेच नाहीत. अडीच हजार असे भरून निघतात. नाही निघाले तर माझं मी बघेन.

आता पिंट्याचं. काकू म्हणाल्या, जूनमध्ये तोही पुण्याला येणार, "ताईला विचार, तिला सगळं माहितीय." आई, हे त्याला वाचून दाखव, पण आधी बाबांना पाणी दे.

ही खोली मिळायच्या आधी मी मोबाईलवर फोटो बघून एका खोलीसाठी पाच हजार टोकन पाठवलं होतं. मी घाईत होते, समोरचा म्हणाला अजून तिघं विचारतायत. प्रत्यक्ष बघितलं तर खिडकी डक्टमध्ये उघडणारी, दिवसासुद्धा लाईट लावावी लागेल अशी. पैसे परत आले नाहीत. बाबा, कोर्सच्या फीसाठी म्हणून तुमच्या भिशीतले घेतले होते ते हेच. फी तेव्हा भरायची नव्हतीच. दीड वर्ष हे मनात घेऊन फिरतेय. आज लिहून टाकलं, जरा हलकं वाटतंय.

दुसरं, करार. इथं घरमालकानं साध्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली आणि मी केली, कारण माणूस गोड बोलत होता. आता रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापतो म्हणतोय. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा करार असला तरी तो नोंदवावाच लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर मालक उलटं सिद्ध करेपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे मालकाला शांतपणे सांगितल्यापासून रंगाचा आकडा निम्म्यावर आलाय. वाकडला या वेळी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला, रीतसर नोंदणी झाली, पोलीस व्हेरिफिकेशनचे कागदही गेले. कागदांची झेरॉक्स पाठवते. बाबा, ती लोखंडी पेटीत ठेवा, देवघराच्या फळीवर नको.

यापुढचं आईनं जरा बसून वाचावं.

ऑगस्टमध्ये माझा आवाज बसला होता म्हणाले ना, तो ताप होता. तीन दिवस. डेंग्यू नव्हता, तपासणी केली, सगळं नॉर्मल. आता ठणठणीत आहे, वजनही वाढलंय. पण त्या रात्री तापात पडल्या पडल्या लक्षात आलं, की या गल्लीत मला एकही डॉक्टर माहीत नाही. समोरच्या दारातल्या मावशी रोज दिसतात, त्यांचं नावही मी कधी विचारलं नव्हतं. कसं विचारणार? शुक्रवार आला की बॅग भरायची, रात्रीच्या गाडीत बसायचं आणि सोमवारी पहाटे उतरून तशीच ऑफिसला. इथं राहिलेच नाही मी, नुसती झोपायला येत होते. शेवटी वरच्या मजल्यावरच्या नांदेडच्या मुलीनं दार वाजवलं. तिनं पेज केली, डॉक्टरकडे नेलं. त्या दिवशी आमची पहिली ओळख झाली.

म्हणून दुसरी गोष्ट. दर शनिवारी येणं आता जमायचं नाही. महिन्यातून एकदा येईन, नक्की येईन. आई, तू लगेच "पोरीला आता घर नको झालं" म्हणशील. तसं नाही गं. घर नको झालं असतं तर सोलापूरच्या गाडीपाशी राहायचं म्हणून रोजचे चार तास घातले असते का?

सुरुवातीला मला इथं झोप यायची नाही, सांगितलं होतं का? खूप शांत वाटायचं. आपल्या मागच्या गल्लीतले माग रात्रभर खटाखट चालायचे, आणि लहानपणी ते बंद पडले की मी दचकून उठायची. मग बाबा उशाशी बसून तोंडानं मागाचा आवाज काढायचे, खटक-खटक, खटक-खटक, मी झोपेपर्यंत. इथं पहिल्या महिन्यात मी तसा आवाज मनातल्या मनात काढून झोपायची. आता लागत नाही. पण सोलापुरी चादर अजून तीच घेते, कडेला विरलेली. नवी पाठवू नका, दोन तशाच पडून आहेत.

वाकडची खोली पहिल्या मजल्यावर आहे, गच्ची छोटी पण ऊन येतं. सोबत दोघी आहेत, एक लातूरची, एक रत्नागिरीची. रत्नागिरीवाली भाताशिवाय जेवत नाही, एवढाच त्रास. पाणी तिकडं एक दिवसाआड येतं. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून तसंच चाललंय, आणि तिथले लोक त्याबद्दल काय कुरकुरतात! मी म्हटलं, आमच्याकडं उजनी भरलेली असते तरी चार-पाच दिवसाआड येतं, तेही रात्री दोनला. सगळ्या गप्प.

त्यावरून आठवलं. बाबा, पाण्याच्या रात्री तुम्ही हौदातून बादल्या उपसून वर नेता, हे मला पिंट्यानं सांगितलंय. त्याला रागवू नका. गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले होते? हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर बसवायची आहे, पैसे आईच्या खात्यावर टाकलेत, मिस्त्रीशी मी बोललेय, गुरुवारी येईल. त्याला "मग बघू" म्हणून परत पाठवलंत तर मी खरंच बोलणार नाही. बीपीची गोळी सकाळी, तलावावरून फिरून आल्यावर नाही, जायच्या आधी. आई, तूही गुडघ्यावर तेल लावते म्हणतेस आणि लावत नाहीस.

आणि ज्वारीचं पीठ पाठवू नकोस. मागचं दहा किलो इथं येऊन महिन्याभरात कडवट झालं. विरी गेली, भाकरी थापायला घेतली की परातीतच चिरा पडायच्या. मी तशीच खात राहिले, टाकवेना. वाकडला कोपऱ्यावर एक बाई भाकरी करून विकतात, हातावर थापतात, मी बघून आले. तू कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठव. चटणी उखळातली, मिक्सरमधली नको. लातूरवालीला मी आधीच सांगून ठेवलंय, की डबा माझ्या कपाटात राहणार.

गड्ड्याला मी पूर्ण आहे, चार दिवसांची रजा मंजूर झालीय. १२ जानेवारीच्या रात्री पोचते, १३ ला सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता. बाबा, बाराबंदी धुऊन ठेवा, कडक इस्त्री मी आल्यावर करते. गेल्या वर्षी तुम्ही केली आणि खिशापाशी पिवळी झाली. मिरवणुकीतल्या सातही नंदीध्वजांच्या काठ्या जाईपर्यंत उभं राहायचं नाही, मी स्टूल घेऊन येईन. लोक हसले तर हसू देत.

तुमची,
बाळी

ता. क. कुर्डुवाडीला तुम्ही जे बोललात ते मी मनावर घेतलेलं नाही. तुम्हीही घेऊ नका.

ता. क. २ पिंट्याला सांगा, ऑफिसमध्ये पहिल्याच दिवशी "काय बे" म्हणू नको. मी म्हणाले होते, मॅनेजरला.